सात समुद्र, निर्मनुष्य

१ जुलै, मंगळवार. सकाळी ६.४०
संकल्प : आजपासून चिडायचं नाही. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब असाच राहिला तर गोळी दुप्पट. निवृत्त माणसाला चिडायला कारणच काय? नाही चिडणार.

सकाळी ७.१५
बाळकुममध्ये बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला तो गॅलरीतून खाडी दिसते म्हणून. आता समोर टॉवर. तिथला एक गृहस्थ रोज बनियनवर उभा राहून दात घासतो. बरोबर माझ्या क्षितिजात. आजही होता. मी ओरडलो. त्याने हात हलवला. त्याला वाटलं गुड मॉर्निंग म्हणतोय.

रात्री
डोंबिवलीच्या फोटो क्लबचा निकाल लागला. विषय 'किनारा'. पहिलं बक्षीस फुटक्या होडीवर बसलेल्या कावळ्याला. कावळ्याला! माझ्या पोर्तुगालला उत्तेजनार्थ. मी त्या एका फोटोसाठी अटलांटिकसमोर दोन तास ट्रायपॉड धरून उभा होतो. परीक्षक म्हणाला, लाटेवरचा सील मासा सुंदर टिपलाय. सील मासा मलाही आठवत नव्हता, पण घरी येऊन पाहिलं तर लाटेवर काळं डोकं आहे खरं. म्हणजे मी टिपलाय. तरी उत्तेजनार्थ!
संकल्प उद्यापासून.

३ जुलै, गुरुवार
नाथाचा फोन. नाथा म्हणजे माझ्या बायकोचा, मंजुळाचा, धाकटा भाऊ, इथल्याच कोळीवाड्यातला. मंडळाचा अध्यक्ष. फोनवरसुद्धा एका होडीतून दुसऱ्या होडीत बोलल्यासारखा बोलतो. ८ ऑगस्टला नारळी पौर्णिमा. त्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये सात समुद्रांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं म्हणे. ताईने सात समुद्रांना नारळ दिला, त्यानिमित्त.
निमित्त काहीही असो. प्रदर्शन माझं. पहिलं. एकट्याचं. श्रीलंका, थायलंड, बाली, मॉरिशस, व्हिएतनाम, तुर्कस्तान, पोर्तुगाल. नऊ वर्षांत सात टूर, आणि हे सगळं बघायला आजवर कोणाला बोलावलं तर जावई एकटा आला. तोही बघता बघता झोपला.
नाथा पुढे बरंच बोलत होता. मी तोवर फ्रेम काळी की पांढरी इथपर्यंत पोचलो होतो.

५ जुलै, शनिवार
निवड सुरू. माझी सीरिज 'निर्मनुष्य किनारे'. तत्त्व एकच : समुद्र, आकाश, दगड. फ्रेममध्ये माणूस म्हणजे शर्टावरचा डाग.
या तत्त्वाची सगळ्यात मोठी शत्रू माझी बायको.
कोळ्यांची मुलगी. तिच्या आईचा नेम होता. मंजुळाचे वडील एकदा वादळात दोन दिवस बेपत्ता झाले आणि तिसऱ्या दिवशी चालत घरी आले. तेव्हा म्हातारीने ठरवलं, जे पाणी भेटेल त्याला नारळ द्यायचा. म्हातारी वसईच्या पलीकडे कधी गेली नाही. तिच्यानंतर हिने तो नेम उचलला आणि टूर कंपनीच्या जिवावर जगभर नेला. ठाण्याहून सोनेरी कागदात गुंडाळून नारळ न्यायची. तुर्कस्तानात सामान तपासणाऱ्याने तो नारळ तीनदा मशीनमधून काढला आणि मग साहेबाला बोलावलं.
बरं, द्यायचा तर दे. पण नेमकी वेळ कुठली? सूर्य पाण्याला टेकतोय, फिल्टर लावलाय, बटणावर बोट आहे, आणि ही पदर खोचून फ्रेमच्या मधोमध! हळद, कुंकू, फूल, नमस्कार. मग डोळे मिटून दोन मिनिटं उभी. सातही ठिकाणी ओरडून ओरडून माझा घसा बसला.
नशीब, सॉफ्टवेअर आहे. सातही फोटोंतून तिला आधीच पुसून ठेवलीय. बालीचं काम तर इतकं सफाईचं, की आज तिलाच विचारलं, सांग तू कुठे उभी होतीस. तिला सापडलं नाही. उठून भाजी निवडायला गेली. चकित झाली असणार.

९ जुलै, बुधवार
कल्याणला प्रिंटची ऑर्डर दिली. कॅनव्हास, तीन फूट बाय दोन. प्रिंटवाला म्हणतो, काका, सगळे सारखेच दिसतात, नावं टाका खाली, नाहीतर व्हिएतनाम कुठलं ते कळायचं नाही. अशा लोकांच्या हातात कला गेलीय.

१२ जुलै, शनिवार
डोकं फुटायची वेळ आलीय.
निमंत्रणपत्रिका आली. 'सात समुद्रांना नारळ देणाऱ्या आपल्या कोळीवाड्याच्या लेकीचा, सौ. मंजुळा रवींद्र जगदाळे यांचा सत्कार, आणि त्या सात क्षणांचे छायाचित्र प्रदर्शन.' माझं नाव कुठे, तर तिच्या नावाच्या पोटात!
नाथाला फोन लावला. म्हटलं, प्रदर्शन कोणाचं? तो म्हणाला, "दाजी, मी पयल्याच फोनला बोललो, ताईचे नारल देतानाचे फोटू पायजेन. सातच बस. तुमी येवरा मोठा कॅमेरा घेऊन गेल्ते, तुमच्याकडं तं हजार असतीन." मंजुळाची मावशी, सगुणामावशी, चौऱ्याऐंशीची आहे, पाय गेलेत. तिला खुर्चीतून आणणार आहेत. बहिणीचा नेम कुठवर पोचला ते तिला मरायच्या आधी बघायचंय म्हणे.
मी म्हणालो, आहेत, सगळे आहेत.
असं का म्हणालो ते माहीत नाही. त्याने विचारलंच अशा पद्धतीने.
मंजुळा दारात उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "अहो, खरंच आहेत?" मी म्हटलं, चौदा हजार फोटो आहेत माझ्याकडे, चौदा हजार! ती आत गेली. थोड्या वेळाने कपाट उघडल्याचा आवाज आला. आईचं नऊवारी लुगडं काढून उन्हात टाकलंय.

१३ जुलै, रविवार
हार्ड डिस्क उघडली. आठवलं : मार्चमध्ये जागा कमी पडली म्हणून मूळ फोटो डिलीट केले होते. पुसून स्वच्छ केलेले तेवढे ठेवले. फोल्डरचं नाव होतं 'कचरा'. ते आत्ता लिहिताना जरा कसंतरी वाटलं, पण फोल्डरला काहीतरी नाव द्यावंच लागतं.

१६ जुलै, बुधवार
चार दिवस शोधतोय. चौदा हजार तीनशे फोटो. सापडलं ते असं : श्रीलंकेत एक कोपर. मॉरिशसमध्ये वाळूवर सावली, ती हिचीच असेल असं नाही. थायलंडमध्ये पर्स. व्हिएतनाममध्ये पाठमोरी बाई सापडली, आनंदाने ओरडलो. मोठी करून पाहिली तर आमचा टूर मॅनेजर, टॉवेल पांघरलेला.
पोर्तुगालचा सील मासाही मोठा करून पाहिला. त्याला शेंडी आहे, आणि कपाळावर हळदकुंकू.
क्लबच्या लोकांना सांगायची गरज नाही.
या सगळ्यात चूक कोणाची? तिला दहादा सांगितलं होतं, बाजूला उभी राहा. बाजूला राहिली असती तर कशाला पुसली असती?

२० जुलै, रविवार
प्लॅन बी. साधा, बिनतोड. समुद्र इथून तिथून सारखाच. अर्नाळ्याला जायचं, सात साड्या, सात नारळ, सात अँगल. दोन तासांत सात देश. मंजुळाला सांगितलं, फिरायला जाऊ. साड्यांची बॅग आधीच डिकीत टाकली.
निघताना म्हणाली, "आज दशमी. साडेसातलाच भरती झाली. दुपारी जाऊन काय बघणार, चिखल?" कोळ्यांचं ते गणित मी एकतीस वर्षं ऐकतोय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दहाची पाऊणपट साडेसात. मी तिला मोबाईल दाखवला. ॲपमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, भरती एक वाजून दहा मिनिटं. विज्ञान आहे ते.
घोडबंदर रोडवर दोन तास दहा मिनिटं. एक कंटेनर आडवा. शेजारच्या गाडीतला माणूस पोहे खात होता आणि काच खाली करून मला विचारतो, घेणार का. मला राग आला. पुलाव असता तरी आला असता.
दीड वाजता पोचलो. समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण लांब. मध्ये नुसता चिखल आणि दोन कुत्रे. ॲप तपासलं. अजून लिस्बनवर सेट होतं.
तरी हरलो नाही. म्हटलं, चालत जाऊ पाण्यापर्यंत, ही साडी नेस, मग ही. तेव्हा तिला कळलं. सात साड्यांकडे बघत राहिली. म्हणाली, "फोटो नाहीयेत ना?" मी म्हटलं, असल्यासारखेच आहेत, फक्त पुन्हा काढायचेत. तर म्हणाली, "दर्याला खोटा नारल देऊ? आईच्या नावाचा?" एवढंच. माहेरचं बोलायला लागली की समजायचं, आता वाद संपला. रस्त्यापर्यंत चालत गेली आणि एसटीत बसली. मी गाडी घेऊन एसटीच्या मागे. पुन्हा दोन तास. खिडकीतून तिचा अंबाडा दिसत होता.
रक्तदाब १७०. मशीन खराब असावं.

२४ जुलै, गुरुवार
प्लॅन सी. एआय. आजकाल पोरंसोरं करतात. मंजुळाचा आधार कार्डाचा फोटो टाकला आणि लिहिलं, ही बाई समुद्राला नारळ देताना. पहिल्या फोटोत सहा बोटं. दुसऱ्यात हातात कलिंगड. तिसऱ्यात मंजुळा पंचविशीची, गोरीपान, केस मोकळे, आणि नारळात स्ट्रॉ. चौथ्यात तर नारळ देतोय एक टकला माणूस आणि मंजुळा होडीत.
मेघालीला फोन केला. मुलगी डोंबिवलीत आयटीत आहे, म्हटलं हिला जमेल. तिने आधी विचारलं, मूळ फोटो कुठेत. सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, नऊ वर्षं मी ग्रुपवर लिहितेय, आईचा फोटो पाठवा. तुम्ही दरवेळी क्षितिज पाठवता. मी माझ्या फोनला आईचा फोटो कुठला लावलाय माहितेय? लाईटबिल भरायच्या रांगेतला. तुमच्याकडे एक, एकसुद्धा नाही?" आणि फोन ठेवला. बापाचा फोन ठेवते! संस्कार. दुसरं काय.

२७ जुलै, रविवार
एक दार आहे. ते मी उघडणार नाही.
तानाजी. कल्याणच्या मार्केटमधला कांद्या-बटाट्याचा व्यापारी. आमची टूरची गँग ठरलेली, त्यामुळे सातही वेळा हा गृहस्थ बोकांडी. दिसेल ते मोबाईलवर काढतो. जेवणाचं ताट, विमानाचा पंख, झोपलेला ड्रायव्हर. बालीला माझ्या फ्रेममध्ये घुसला तेव्हा मी सगळ्या बससमोर म्हणालो होतो, तुम्ही कांदे विका, फोटोचं आमच्यावर सोडा. त्यानंतर चार टूर झाल्या, आमच्यात शब्द नाही. त्याच्याकडे मागणार? मेलो तरी नाही.

३० जुलै, बुधवार
कल्याणला गेलेलो. दुसऱ्या कामासाठी. मार्केट वाटेतच लागतं.
गोणींच्या मध्ये बसला होता. मला बघून उठला, स्टुलावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली, चहा मागवला. मला हे असलं वागणं अजिबात आवडत नाही. भांडायला आलेल्या माणसाने करायचं काय? मी भांडायला आलो नव्हतो, ते वेगळं. विषय काढायला वीस मिनिटं लागली, तेवढ्यात कांद्याने डोळ्यांतून पाणी. तो म्हणाला, "आहेत की. सातही आहेत. वहिनींनी नारळ दिला की आमची हीपण मागून हात लावायची पाण्याला. मी काढायचो." मी म्हटलं, दाखवा. त्याने मोबाईल काढला, अंगठ्याने दोन-चार फोटो सरकवले, माझ्याकडे पाहिलं आणि मोबाईल पुन्हा खिशात ठेवला. म्हणाला, "राहू द्या साहेब. नाथांचा नंबर द्या, मी परस्पर पाठवतो. प्रिंटपण करून देतो."
फोटो वाईट असणार. लाजला.

२ ऑगस्ट, शनिवार
घरी सांगितलं, व्यवस्था केलीय. मंजुळाने कुठून, कसे, काही विचारलं नाही. फक्त संध्याकाळी लुगड्याला इस्त्री केली. वीस तारखेपासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मीही अबोला धरलाय, पण तिच्या लक्षात आलेला दिसत नाही.
नाथाला स्पष्ट सूचना दिल्या. मुख्य भिंतीवर माझे सात कॅनव्हास. मोबाईलचे फोटो बाजूला, कुलरजवळ. लोकांनी आधी कला पाहावी, मग पुरावा. नाथा म्हणाला, "बघू दाजी." याचा अर्थ हो.

८ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी ९
आज. ब्लेझर घातला. चार मिनिटांचं भाषण तयार आहे, 'रिकाम्या किनाऱ्याचं सौंदर्य'. मंजुळा लुगडं नेसून, अंबाड्यात अबोली माळून पुढे गेली. ओळखू आली नाही. कॅमेरा घ्यावा असं क्षणभर वाटलं, पण बॅटरी चार्ज नव्हती.
आज काही झालं तरी चिडायचं नाही.

९ ऑगस्ट, शनिवार
काल लिहिलं नाही. आज लिहितो.
हॉलमध्ये शिरलो तर माझे कॅनव्हास मुख्य भिंतीवर नाहीत. शोधले. स्वयंपाकाच्या बाजूला आडोसा म्हणून उभे केले होते. मॉरिशसच्या मागे बायका नारळीभात ढवळत होत्या. व्हिएतनामला तूप लागलं होतं. मी नाथाकडे निघालो, ओरडायलाच निघालो, आणि वाटेत मुख्य भिंत लागली.
तानाजीचे सात फोटो. चांगले मोठे केलेले.
सातही फोटोंत मंजुळा. पाण्यात उभी, पदर खोचलेला, हातात नारळ, डोळे मिटलेले. आणि सातही फोटोंत तिच्या मागे, ट्रायपॉडजवळ, मी. तोंड उघडं. एक हात वर, बाजूला हो म्हणणारा. श्रीलंकेत टोपी आहे, मॉरिशसमध्ये नाही, तेवढाच फरक. कपाळाच्या शिरासुद्धा दिसतात. मोबाईलवरून इतकं स्पष्ट येतं हे मला माहीत नव्हतं.
अख्खा कोळीवाडा बघत होता. पोरं एकमेकांना कोपराने ढोसत होती. तानाजी आणि त्याची बायको मागे उभे होते, तो माझ्याकडे बघत नव्हता. मेघाली आली होती, तीही नाही.
सगुणामावशीला खुर्चीतून फोटोंसमोर आणलं. तिने एकेका फोटोतल्या मंजुळाच्या पायाला बोट लावलं आणि ते बोट स्वतःच्या कपाळाला लावलं. सातव्याला थांबली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मंजू, कोन गो ह्यो बाप्या? जल्ला सगल्या दर्यांवर तुज्यावर वरडतंय!"
हसले सगळे. मग थांबले, कारण ज्यांना माहीत होतं ते हसत नव्हते.
मंजुळा म्हणाली, "मावशे, ते आमचं हे हान. मी पान्यान जास्ती पुरं जाव नको म्हनून हाका मारतान."
मावशी माझ्याकडे वळली. मला खाली वाकायला लावलं. दोन्ही हातांनी तोंड धरलं. तिचा हात गार होता. म्हणाली, तिच्या बहिणीचा माणूस दोन दिवस दर्यात होता, तेव्हा किनाऱ्यावर हाका मारायला कोणी उभं राहिलं नव्हतं, आणि तू सात जागी उभा राहिलास. सत्काराची शाल मंजुळाच्या खांद्यावर होती, ती काढून माझ्या खांद्यावर घालायला लावली. टाळ्या पडल्या. भाषण खिशात होतं, मी ते काढलं नाही.
मग जेवताना मावशीने मला शेजारी बसवून घेतलं. नारळीभात खाता खाता म्हणाली, बाबा, कुठल्या दर्याला सगळ्यात जास्ती घाबरलास? मी म्हणालो, पोर्तुगाल. लाटा मोठ्या होत्या म्हणून म्हणालो. तिने विचारलं, काय झालेलं तिथे?
मला काहीच आठवेना. आकाशाचा रंग आठवला. फिल्टर कुठला लावला होता तो आठवला.
मंजुळा वाढत होती. तिने मावशीला सांगितलं. लाट कमरेपर्यंत आलेली, पाय सुटले, तानाजीच्या बायकोने दंड धरून बाहेर ओढलं. चपला वाहून गेल्या. मग तशीच ओल्या साडीत, अनवाणी, दगडांवरून बसपर्यंत चालत आली. सांगताना हसत होती. मावशीला पुन्हा भात वाढला आणि पुढच्या पंगतीकडे गेली.
तिथून हॉटेल दोन तासांवर होतं. बसमध्ये मी तिच्या शेजारच्याच सीटवर होतो.